२,१४,७४,८३,६४७ मूळ आहे हे कसे ठरले?

प्रश्न : नववीच्या वर्गात मूळ संख्यांचा विषय निघाला असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे असे मोबाईल सांगतो. पण संगणक नसताना हे कोणी ठरवले आणि कसे ठरवले?" वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे, असे उत्तर मी दिले, पण तेवढ्याने माझेच समाधान झाले नाही. वर्गात फळ्यावर मांडता येईल असे काही सांगाल का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपण सांगितलेली रीत बरोबरच आहे. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० पेक्षा किंचित जास्त येते आणि तेवढ्या पल्ल्यात ४,७९२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येचे रोज शंभर भागाकार न चुकता केले तरी दीड महिन्याहून अधिक काळ लागेल, आणि एखाद्या ठिकाणी हातचा चुकला तर ती चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. इटलीचे पिएत्रो कातल्दी यांनी १५८८ मध्ये ५,२४,२८७ ही संख्या याच रीतीने तपासली होती. तिचे वर्गमूळ ७२४ च्या आसपास असल्यामुळे ते काम एका माणसाच्या आवाक्यात होते. आपल्या संख्येच्या बाबतीत मात्र ही रीत आपले समाधान करत नाही, कारण तिच्यात या संख्येच्या घडणीचा कोठेच उपयोग होत नाही. तिची घडण अशी, की २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. १७७२ मध्ये गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांनी बर्नुली या गणितज्ञांना लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचे कळवले, ते या घडणीचाच आधार घेऊन. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

वर्गात सुरुवात लहान उदाहरणाने करावी. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २,०४७ मिळतात, आणि २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे दोन अवयव पाहा. २३ म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. घातांक ११, त्याची दुप्पट २२, आणि दोन्ही अवयव २२ च्या पटीहून एकाने जास्त! हा योगायोग वाटू नये म्हणून घातांक २३ घ्या. तेव्हा संख्या येते ८३,८८,६०७. तिचे अवयव ४७ आणि १,७८,४८१ आहेत, आणि दोन्ही ४६ च्या पटीहून एकाने जास्त आहेत.

याचे कारण मुलांना स्वतःच्या हाताने दिसू शकते. २ च्या घातांना २३ ने भागत जा आणि फक्त बाकी लिहा: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२. यापुढची बाकी पुन्हा १ येते, म्हणजे अकरा बाक्यांचे एक वर्तुळ पूर्ण झाले. २३ ने भागल्यावर शून्याखेरीज २२ बाक्या संभवतात, त्यांपैकी ११ या वर्तुळात आल्या. न आलेल्यांपैकी सर्वांत लहान बाकी ५ आहे. तिच्यापासून त्याच पद्धतीने दुप्पट करत निघा: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. हेही वर्तुळ अकराचेच आहे, आणि आता एकही बाकी शिल्लक उरलेली नाही. भाजक कोणतीही विषम मूळ संख्या असो, शून्याखेरीजच्या सर्व बाक्या अशा सारख्या लांबीच्या वर्तुळांत वाटल्या जातात. म्हणून भाजकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला वर्तुळाच्या लांबीने निःशेष भाग जावाच लागतो.

आता आपल्या संख्येकडे वळू. एखादी मूळ संख्या तिला निःशेष भागत असेल, तर त्या मूळ संख्येच्या दृष्टीने २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येते, म्हणजे ३१ पायऱ्यांनंतर आपण पुन्हा १ वर येतो. मग वर्तुळाची लांबी ही ३१ ची विभाजक असली पाहिजे. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते, आणि १ असणे शक्य नाही, कारण १ ची दुप्पट १ होत नाही. म्हणून लांबी ३१ च आहे, भाजक ३१ च्या पटीहून एकाने जास्त आहे, आणि तो विषम असल्यामुळे खरे तर ६२ च्या पटीहून एकाने जास्त आहे. ही पहिली चाळण झाली.

दुसरी चाळण अधिक सूक्ष्म आहे. २ च्या १६ व्या घाताचा वर्ग केला की २ चा ३२ वा घात मिळतो. ३१ व्या घाताची बाकी १ असेल तर ३२ व्या घाताची बाकी २ येणार. याचा अर्थ असा, की आपल्या संशयित भाजकाने एका पूर्ण वर्गाला भागल्यावर बाकी २ उरते. असे घडू देणाऱ्या विषम मूळ संख्या त्याच, ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. या नियमाची सिद्धता शालेय गणिताच्या थोडी पुढची आहे, म्हणून ती येथे देत नाही, पण पडताळा सहज घेता येतो: ८ ने भागल्यावर २३ ची बाकी ७, ८९ ची १ आणि ४७ ची ७ येते.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवा. ६२ च्या पटीहून एकाने जास्त असलेल्या संख्या ६३, १२५, १८७, २४९ अशा चालतात आणि ८ ने भागल्यावर त्यांच्या बाक्या ७, ५, ३, १ अशा येऊन पुन्हा तोच क्रम सुरू होतो. म्हणजे दर चारांपैकी दोनच टिकतात. दुसऱ्या शब्दांत, २४८ ची पट अधिक १ किंवा २४८ ची पट अधिक ६३, एवढेच भाजक संभवतात. ४६,३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६ आणि दुसऱ्या प्रकारच्या १८७ संख्या आहेत. त्यांतून ६३ हे ७ आणि ९ चे गुणाकार म्हणून उघडच बाद होतात आणि ३७२ उरतात. त्यांतल्याही पुष्कळ संयुक्त आहेत: २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, ४९७ म्हणजे ७ गुणिले ७१, ५५९ म्हणजे १३ गुणिले ४३. खरा भागाकार करण्याची पहिली वेळ येते ती ३११ वर. ३११ गुणिले ६९,०५,०९२ केले की २,१४,७४,८३,६१२ मिळतात आणि बाकी ३५ उरते. पुढची मूळ संख्या १,३०३ आहे, तिने भागल्यावर बाकी २२६ येते. तिच्या पुढची १,४८९, तिची बाकी १९९. असेच शेवटपर्यंत चालत गेले तरी बाकी शून्य कोठेही येत नाही, आणि म्हणून संख्या मूळ ठरते.

एवढे कष्ट एका चांगल्या वर्गात वाटून घेता येतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठदहा संख्या आल्या, तर दोन तासिकांत ऑयलर यांचे काम पुन्हा करून होईल, आणि मोबाईल सांगतो म्हणून नव्हे तर आपण स्वतः पाहिले म्हणून ही संख्या मूळ आहे, असे त्या मुलांना म्हणता येईल. माझ्या दृष्टीने या संख्येचे मोल तिच्या दहा अंकांत नाही. एवढी मोठी असूनही ती माणसाच्या हाताने पडताळता येते, हे मला अधिक मोलाचे वाटते. ऑयलर यांच्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

प्रश्न : अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, पण मर्सेन यांच्या यादीतच चुका होत्या असे वाचले. ते खरे आहे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : खरे आहे. फ्रान्समधील धर्मगुरू मॅरँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात ६७ आणि २५७ हे चुकून आले आणि ६१, ८९ व १०७ हे राहून गेले. ३१ हा घातांक मात्र त्या यादीत आहे आणि तो बरोबर आहे. त्यांच्याही आधी कातल्दी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे म्हटले होते, आणि त्यांतला फक्त ३१ खरा निघाला. बाकी तिघांचे लहान अवयव अनुक्रमे ४७, २३३ आणि २२३ असे आहेत. वरच्या उत्तरातली पहिली चाळण त्या काळी हाती असती तर हे अवयव काही मिनिटांत सापडले असते: ४७ म्हणजे ४६ अधिक १, २३३ म्हणजे ५८ ची चौपट अधिक १, आणि २२३ म्हणजे ७४ ची तिप्पट अधिक १. घातांक ६७ चे अवयव मात्र एवढे सोपे नव्हते. ते १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ असल्याचे अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले.

प्रश्न : ३७२ भागाकारांहून कमी कष्टाची एखादी कसोटी आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि ती विलक्षण सुटसुटीत आहे. फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात तिचा पाया घातला आणि अमेरिकेचे डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे, तपासायच्या मर्सेन संख्येने भागायचे आणि बाकी पुढे न्यायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ५ साठी, म्हणजे ३१ या संख्येसाठी, बाक्या ४, १४, ८, ० अशा येतात. १२७ साठी त्या ४, १४, ६७, ४२, १११, ० अशा येतात. २,०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त. मात्र तिचे अवयव २३ आणि ८९ आहेत हे या कसोटीतून कळत नाही. आपल्या दहा अंकी संख्येसाठी २९ पायऱ्या पुरतात, पण प्रत्येक पायरीत दहा अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो, तेव्हा वही मोठी घ्यावी.

प्रश्न : मी संगणक आज्ञावली लिहितो. ३२ बिटच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल किंमत हीच आहे. ती मूळ असावी म्हणून ही मर्यादा निवडली गेली, की हा योगायोग आहे? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : योगायोग आहे. ३२ पैकी एक बिट, म्हणजे ० किंवा १ मावेल अशी एक जागा, चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ बिटांत सर्वत्र १ मांडला की द्विमान पद्धतीत हीच संख्या तयार होते. शेजारच्या मर्यादा पाहिल्या की योगायोग स्पष्ट होतो. ८ बिटसाठी कमाल किंमत १२७ आहे आणि ती मूळ आहे. १६ बिटसाठी ती ३२,७६७ आहे, आणि ती ७, ३१ व १५१ यांचा गुणाकार आहे. ६४ बिटसाठी घातांक ६३ येतो, आणि ६३ ला ३ ने व ७ ने भाग जातो, म्हणून त्या कमाल किमतीला ७ ने आणि १२७ ने भाग जाणारच. घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्या मूळ असूच शकत नाही.

याच मर्यादेमुळे येणारी अडचण आपल्याला माहीत असेलच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या यंत्रणा अशा ३२ बिटांत मोजतात, त्यांचा मोजणीचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला तो ऋण होऊन घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. पण तो प्रश्न मर्यादेचा आहे, संख्या मूळ असण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

मूळ असण्याचा थेट उपयोग होतो तो यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करताना. लेमर यांच्या रीतीने हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणायचे आणि २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी घ्यायची. १६,८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. १ पासून निघाले की पहिली बाकी १६,८०७, दुसरी २८,२४,७५,२४९ आणि तिसरी १,६२,२६,५०,०७३ येते. हे चक्र १ वर परत येण्याआधी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या नेमकी एकदा भेटते. वरच्या पहिल्या उत्तरात २३ साठी दुपटीची दोन वर्तुळे पडली होती, येथे गुणक असा निवडला आहे की सर्व बाक्यांचे मिळून एकच वर्तुळ व्हावे. भाजक संयुक्त असता तर हे घडले नसते.

येथे भागाकार टाळण्याची एक सुंदर सोय आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळेत नऊने भागल्यावरची बाकी काढायला अंकांची बेरीज करायला शिकवतात, कारण १० हे ९ हून एकाने जास्त आहेत. २ चा ३१ वा घातही आपल्या संख्येहून एकानेच जास्त आहे, म्हणून तीच युक्ती येथे चालते. तिसरी पायरी करून पाहू. १६,८०७ चा घन ४७,४७,५६,१५,०९,९४३ आहे. त्याचे शेवटचे ३१ बिट आणि त्यापुढचे बिट वेगळे केले, की पुढच्या भागात २,२१० आणि मागच्या भागात १,६२,२६,४७,८६३ मिळतात. दोन्हींची बेरीज १,६२,२६,५०,०७३, म्हणजे वर आलेलीच बाकी. यंत्राला यासाठी बिट सरकवणे आणि बेरीज करणे एवढेच करावे लागते.

प्रश्न : आमच्या देवळालीच्या कापरेकर सरांच्या संख्यांशी या संख्येचे काही नाते आहे का? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आहे, आणि हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला. द. रा. कापरेकर यांनी देवळालीच्या शाळेत शिकवत असताना ज्या संख्यांचा अभ्यास केला, त्यांपैकी एका प्रकाराला आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २,०२५ आहे, त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले की बेरीज पुन्हा ४५ येते. वर्गाला १०० ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घेतली, असेही हे सांगता येते.

आता परिपूर्ण संख्या आठवा. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते ती परिपूर्ण, जसे ६ आणि २८. प्रत्येक मूळ मर्सेन संख्या एक परिपूर्ण संख्या देते, हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, ती २३०५८४३००८१३९९५२१२८ अशी एकोणीस अंकी आहे. सम परिपूर्ण संख्या या रीतीखेरीज मिळतच नाही, हेही ऑयलर यांनीच सिद्ध केले.

या सर्व सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असतात. २८ चा वर्ग ७८४ द्विमानात ११०००१०००० असा लिहितात. शेवटचे सहा अंक वेगळे काढले की ०१०००० म्हणजे १६ आणि उरलेले ११०० म्हणजे १२. दोन्हींची बेरीज २८! ६ साठी वर्ग ३६, आणि शेवटचे चार अंक वेगळे केल्यावर २ आणि ४ मिळतात. वेगळे काढायचे अंक नेहमी मर्सेन घातांकाच्या दुप्पट असतात, म्हणून वरच्या एकोणीस अंकी संख्येच्या वर्गाचे शेवटचे ६२ द्विमान अंक वेगळे काढले की दोन्ही भागांची बेरीज तीच संख्या परत देते. साधी बीजगणिती मांडणी करून हे कोणालाही सिद्ध करता येईल, आपण जरूर करून पाहा.

प्रश्न : हीच संख्या घातांक म्हणून घेतली तर मिळणारी प्रचंड संख्याही मूळ असेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ही आशा अगदी स्वाभाविक आहे. ३ घातांक घेतला की ७ मिळतात, ७ घेतला की १२७ आणि १२७ घेतला की ३९ अंकी मूळ संख्या मिळते. ती मूळ असल्याचे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले. ५ पासून ३१ आणि ३१ पासून आपली संख्या, हीही तशीच साखळी आहे. घातांक स्वतः मर्सेन मूळ संख्या असूनही फळ मूळ आले, अशी आजवर एवढीच चार उदाहरणे ज्ञात आहेत: घातांक ३, ७, ३१ आणि १२७.

पुढची पायरी मात्र निष्फळ ठरते. २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला तर सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकांची संख्या मिळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, यावरून तिचा पसारा लक्षात येईल. एवढ्या मोठ्या संख्येवर ल्युका आणि लेमर यांची कसोटी चालवण्याची वेळच आली नाही, कारण तिचा एक पंधरा अंकी अवयव सापडला आहे: २९५२५७५२६६२६०३१. त्यातून १ वजा करा आणि उरलेल्या संख्येला २,१४,७४,८३,६४७ च्या दुपटीने, म्हणजे ४,२९,४९,६७,२९४ ने भागा. भाग निःशेष जातो आणि उत्तर नेमके ६८,७४५ येते.